नॉनरेझिस्टन्सला मराठीत काय म्हणायचं? अप्रतिकार की अहिंसा?

सातारची_अनुवादिका: मेनोनाइट लोकांवरचा, म्हणजे परंपरेने शस्त्र न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथावरचा, लेख मराठीत आणतेय. त्यात नॉनरेझिस्टन्स (वाईट करणाऱ्याशीही बळाने न लढणं) हा शब्द पानोपानी आहे, मी 'अप्रतिकार' लिहिलं तर संपादकांनी सगळीकडे 'अहिंसा' करून परत पाठवलं, म्हणे वाचकाला कळलं पाहिजे. मला पटत नाही, कारण लेख डिर्क विलेम्सबद्दल आहे. 1569 साली नेदरलँड्समधल्या आस्पेरेनला हा श्रद्धेपायी झालेल्या कैदेतून पळाला, पातळ बर्फावरून पलीकडे पोचलासुद्धा, पण मागे लागलेला माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला आणि हा परत फिरून त्याला वर काढायला गेला. तो माणूस सोडून द्यायला तयार होता, पण नगराध्यक्ष ओरडला की तुझी शपथ आठव, मग त्यानेच डिर्कला धरलं. डिर्कला जिवंत जाळलं. 'हिंसा केली नाही' एवढ्यात हे मावतं का?

बोरू: अहिंसाच ठेवा. सगळ्यांना माहीत असलेला शब्द टाकून कोशातला कशाला शोधायचा?

मत्तय_पाच: माहीत आहे हीच तर अडचण आहे. अहिंसा म्हटलं की जैन धर्म आठवतो, गांधी आठवतात, मांसाहार आठवतो. मेनोनाइटांच्या या शब्दाचं मूळ येशूच्या एका आज्ञेत आहे, आपल्या मराठी बायबलात 'दुष्टाला अडवू नका' असं आहे ती. आणि 1527 च्या श्लाइटहाइमच्या कबुलीत, म्हणजे त्यांच्या पूर्वसुरींनी मांडलेल्या श्रद्धेच्या कलमांत, तलवार ही देवानेच नेमलेली पण 'ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची' म्हटलीय. म्हणजे राजाने ती धरली तर धरो, आम्ही धरणार नाही. हे अहिंसेत कुठे येतं?

खादीवाला: मग सत्याग्रह म्हणा की!

मत्तय_पाच: ते तर अजिबात नको. गाय हर्शबर्गर या मेनोनाइट अभ्यासकाने 1944 च्या पुस्तकात हाच फरक केलाय, सत्याग्रहात समोरच्यावर दबाव आणायचा असतो, नॉनरेझिस्टन्समध्ये तोही नाही. सगळे मेनोनाइट आज असं मानत नाहीत, पुष्कळ जण मोर्चात असतात, पण शब्द आला तो या जुन्या अर्थाने.

वैद्यबुवा: 'प्रतिकार'चा संस्कृतात इलाज असाही अर्थ आहे. मग अप्रतिकार म्हणजे इलाज न करणं झालं. तत्सम शब्दांचे हे असे घोटाळे होतात, त्यापेक्षा आपलं साधं 'सोसणं' घ्या.

माहेरवाशीण: 'सोसणं' कृपा करून नको. सासरी मार खाणाऱ्या बाईला आपल्याकडे हेच सांगतात, सोस गं बाई. मेनोनाइट स्त्री-अभ्यासकांनीही हेच विचारलंय की दुसरा गाल नेहमी कोणाचा पुढे होतो. डिर्क सोसत बसला नव्हता, तो परत फिरून हात द्यायला गेला होता, ते त्याने स्वतः ठरवलं होतं.

सातारची_अनुवादिका: ताई, अगदी हेच म्हणायचंय मला. डच मेनोनाइट स्वतःला 'वेरलोस' म्हणवत, म्हणजे बचावाचं साधन नसलेले. 'निःशस्त्र' जवळ जातं, पण पोलिसांच्या बातमीसारखं वाटतं.

आळंदीचा: शस्त्रसंन्यास कसा वाटतो?

मत्तय_पाच: संन्यास म्हणजे घर सोडणं आलं. हे बायकापोरांत राहून शेती करणारे लोक.

आळंदीचा: शब्द राहू दे, पण भाव आपल्याकडे आहे. नाथांवर थुंकणाऱ्या माणसाची गोष्ट घ्या, ते दर वेळी पुन्हा गोदावरीत अंघोळीला गेले. आणि 'खळांची व्यंकटी सांडो', खळ नाहीसे होवोत असं नाहीच मागितलेलं.

बोरू: आणि 'नाठाळाचे माथी हाणू काठी'? तेही आपलंच ना? सोयीची ओळ तेवढी काढायची नाही.

आळंदीचा: तुकोबांच्या त्या ओळीसाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू. ती ओळ नेहमी अर्धीच सांगतात, आधीची 'भले तरी देऊ' कोणी म्हणत नाही.

बोरू: 'कासेची लंगोटी', पाठ आहे मला. पण नाठाळाला काठीच आहे.

डहाणूचा: जरा वेगळं सांगतो. आमच्याकडे ब्रदरन मिशनचा दवाखाना होता, तीही शांतता-मंडळीच, म्हणजे युद्धात भाग न घेण्याची शिकवण असलेली, 1708 ला जर्मनीत श्वार्त्सेनाऊला सुरू झालेली. इथली मंडळी 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. त्यांच्यात प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुतात आणि एकत्र जेवतात. तुमच्या लेखात तो विधी असेल तर त्याला काय शब्द घेतलाय?

सातारची_अनुवादिका: प्रीतिभोजन.

वैद्यबुवा: प्रीतीचा ती दीर्घ, पण समासात ऱ्हस्व. बरोबर आहे.

बोरू: का बरोबर? शब्द सुटा असताना दीर्घ आणि जोडला की ऱ्हस्व, हा नियम एकदा मुळातून काढायला हवा.