मदत हवी आहे: शुगर-बीपीच्या ओपीडीत नैराश्य कसं तपासावं?

परळच्या दवाखान्यात एका रुग्णाला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. पीएचक्यू-९ चा (नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांचा) कागद दिला की सोबतची सून किंवा मुलगाच तो भरतो. शिवाय थकवा, झोप, भूक हे प्रश्न शुगर वाढलेल्या कुणालाही लागू पडतात. मग नैराश्याची शंका घ्यायचा १० गुणांचा आकडा कितपत धरायचा?

प्रतिसाद १
कागद सगळ्यांना देऊच नका. बीपी घेताना सिस्टरनी पहिले दोनच प्रश्न तोंडी विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का, उदास-हताश वाटलं का. हो-नाही नको, 'अजिबात नाही' ते 'जवळपास रोज' असे ० ते ३ गुण. ६ पैकी ३ झाले तरच पुढचे सात प्रश्न. नातेवाइकांना तेवढा वेळ बाहेर बसवा, सुनेसमोर सासूबाई 'बरं आहे' एवढंच म्हणणार.

थकव्याचे गुण वजा करू नका. बेरीज कुठून आली ते बघा. बहुतेक गुण झोप, थकवा, भुकेचेच असतील तर हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ तपासा. रात्री लघवीला किती वेळा उठतात तेही विचारा. पण टीएसएच वाढलेलं निघालं म्हणून नैराश्य नाही असं होत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. १० म्हणजे निदान नव्हे, नीट बोलायला बसायची खूण.

प्रतिसाद २
नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या प्रश्नाला १ गुण जरी आला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी स्पष्ट विचारा: जीव द्यायचा विचार येतो का, कसा ते ठरवलंय का, आधी प्रयत्न केला होता का. विचारल्याने विचार बळावत नाही. घरातलं इन्सुलिन आणि गोळ्या नातेवाइकांच्या ताब्यात द्यायला सांगा. बेत ठरलेला असेल तर पुढची तारीख नको. सोबत माणूस देऊन लगेच केईएम, सायन किंवा नायरला पाठवा. बाकीच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहून द्या, चोवीस तास मोफत आहे.

मानसोपचाराला पाठवायच्या चिठ्ठीत चालू औषधं लिहाच. हृदयरोग असेल तर अमिट्रिप्टिलिन हे नैराश्याचं जुनं औषध टाळतात. एसएसआरआय (नैराश्यावरच्या औषधांचा नेहमीचा गट) अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवतं, आणि थायझाइड (बीपीची, लघवी वाढवणारी गोळी) घेणाऱ्या वयस्करांचं सोडियम उतरवतं.

प्रश्नकर्ता
वाचता न येणाऱ्यांचं काय?

प्रतिसाद १
छापील मराठी वाक्यं वाचून दाखवा, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. चार आठवड्यांनी पुन्हा तसंच विचारा आणि दोन्ही आकडे केसपेपरवर शेजारीशेजारी लिहा.