फुटबॉलपटूचा ‘घसारा’ म्हणावे काय?

भाषांतरवेडा : इंग्लंडमधील क्लबांच्या खर्चनियमांवरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘अमॉर्टायझेशन’पाशी, म्हणजे खरेदीचा खर्च करारकाळावर थोडाथोडा विभागून दाखवण्यापाशी, अडलो आहे. चेल्सी क्लबाने जानेवारी २०२३ अखेर एन्झो फर्नांडेझ या खेळाडूसाठी बेनफिका या पोर्तुगीज क्लबाला सुमारे १०.७ कोटी पौंड मोजले, पण करार साडेआठ वर्षांचा असल्याने हिशेबात दरवर्षी साधारण सव्वा कोटीच खर्ची पडतात. मी ‘घसारा’ लिहिले. संपादकांनी ‘खेळाडू म्हणजे ट्रॅक्टर नव्हे’ असा शेरा मारून ते खोडले. आपण काय लिहाल?

शुद्धमती : संपादकांचे बरोबर आहे. ‘घसारा’ हा ‘घासणे’वरून आलेला शब्द आहे आणि वापराने झिजणाऱ्या वस्तूलाच तो शोभतो. कित्येक खेळाडूंचे मोल तर करारकाळात वाढते. ‘क्रमशः निर्लेखन’, म्हणजे रक्कम टप्प्याटप्प्याने पुस्तकातून काढून टाकणे, असे लिहावे.

खतावणी : मला तो ‘घसरणे’वरून आलेला वाटतो, किंमत घसरते, म्हणून घसारा. माझे वडील साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होते, आणि ‘यंदा घसारा किती धरला?’ हा प्रश्न आमच्या घरी जेवतानाही निघत असे. शिवाय क्लबाच्या ताळेबंदात खेळाडू नसतोच, त्याच्या नोंदणीचा हक्क असतो. आपल्याकडे आयकरात पेटंटवरही घसाराच मिळतो. तिथे काय झिजते?

मैदानप्रेमी : ‘निर्लेखन’ वाचून वाचकाला बुडीत कर्ज आठवेल. ‘खर्च करारभर वाटला’ एवढे पुरे. तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांहून अधिक तोटा नको, हा तेव्हाचा नियम मोडल्याबद्दल एव्हर्टन क्लबाचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले आणि अपिलात ते ६ वर आले, हे समजायला कुणाला परिभाषा लागत नाही.

खतावणी : खरेदीपुरते ते ठीक आहे, विक्रीचे काय? घसारा वजा जाता उरते ती पुस्तकी किंमत, आणि विक्रीतून तिच्यावर जे मिळेल तोच नफा. मेसन माउंट हा खेळाडू चेल्सीच्याच अकादमीत घडलेला, विकत न घेतलेला, म्हणून त्याची पुस्तकी किंमत जवळपास शून्य होती. २०२३ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला विकला, तेव्हा आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जमा झाली. घरची पोरे विकण्याचा मोह क्लबांना का होतो, हे ‘वाटला’ या क्रियापदातून कसे सांगणार?

शुद्धमती : त्याच वर्षी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आणि डिसेंबरात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळीने नव्या करारांसाठी ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. करार आठ वर्षांचा असला तरी पाचच वर्षे धरायची, ही झीज नव्हे, नियमाने ठरवलेली नोंद आहे. म्हणजे निर्लेखनच.

भाषांतरवेडा : पुढच्या परिच्छेदात तोट्याची मर्यादा ओलांडलेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लब आहे. हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपले होते आणि त्यांच्या ब्रेनन जॉन्सनची टॉटनहॅम क्लबाकडे ‘बदली’ १ सप्टेंबरला झाली, म्हणून तो नफा त्या वर्षात धरला गेला नाही. विक्री उशिरा केल्याने अधिक पैसे मिळाले, हा बचाव न चालता ४ गुण गेले.

मैदानप्रेमी : ‘बदली’ मुळीच नको! बदली खेळाडू म्हणजे राखीव बाकावरून उतरणारा. ‘ट्रान्स्फर’ लिहा.

शुद्धमती : ‘हस्तांतरण’ असताना?

खतावणी : हस्तांतरण सातबाऱ्यावरच्या जमिनीचे होते. खेळाडूला ट्रॅक्टर म्हणायचे नाही, पण जमीन म्हटलेले चालते काय?

शुद्धमती : मग ‘क्लबांतर’ घ्या, पक्षांतर चालते, तर हेही चालावे.

मैदानप्रेमी : पक्षांतर माणूस आपण होऊन करतो. जॉन्सनला विकले होते.