पुराच्या गावात पडदा कशाला? फिरत असलेल्या सूचनेला उत्तर

वेदगंगाकाठ
‘पुराच्या वर्षदिनी देवळासमोर पडदा लावा, पुराचाच सिनेमा दाखवा, मग माईक फिरवून लोकांना मन मोकळं करू द्या.’ ही सूचना दोन दिवस सगळीकडं फिरतेय आणि खाली नुसते नमस्कार. निपाणीजवळ यमगर्णीपाशी वेदगंगेच्या पुरानं महामार्ग २०१९ च्या ऑगस्टात बंद पडला, २०२१ च्या जुलैत पुन्हा. म्हणजे वर्षदिन येतो तेव्हा नदी परत फुगलेली असते. जनावरं कुठं न्यायची या घोरात असलेल्या माणसाला पडद्यावर पाणी चढताना दाखवायचं?

आणि मनाचं बोलायच्या आधी घराचं बोला. २०१९ च्या पडझडीत कर्नाटक सरकारनं नुकसानीप्रमाणे घरांचे वर्ग पाडले: जवळजवळ पूर्ण पडलेल्या ‘ए’ वर्गाला ५ लाख ठरले, थोड्या पडलेल्या ‘सी’ला ५० हजार. सामाईक भिंतीची दोन मातीची घरं, वर्ग मात्र वेगळे. ती दोन कुटुंबं एका सतरंजीवर बसवून कसली चर्चा घेणार?

पडदेवाला
ऑगस्टचं मान्य. त्या महिन्यात उघड्यावर पडदा टिकतच नाही. पण म्हणून सिनेमाच नको, हे चूक. फेब्रुवारीअखेर ते चैत्रातल्या यात्रांच्या आधी, हा काळ धरा. ऊस बराचसा तुटलेला असतो, पाऊस नसतो, सव्वासातला पक्का अंधार. १२ बाय ७ फुटांचा पडदा आणि ३५०० लुमेनचा प्रोजेक्टर दीडशे माणसांना पुरतो.

पडदा म्हणजे ८४ चौरस फुटांचं शीडच. कडेच्या भोकांत सुतळी ओवू नका, रबरी बंद घाला. वाऱ्याला ते ताणतात, कापड फाटत नाही. खाली फूटभर मोकळं सोडा. पडद्यावर उजेड टाकणारा रस्त्याचा दिवा हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, लाइनमनकडून आधीच बंद करून घ्या. प्रोजेक्टर जुना, दिव्याचा असेल तर यूपीएस लागतोच, कारण करंट गेला की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो. सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा वेगळा स्पीकर, जोडूच नका. पुराच्या दृश्यातला तो घुमणारा आवाज छातीत बसतो, आणि संवाद कळायला त्याची गरजही नसते.

आणखी एक. कुणाच्या मोबाइलवरच्या वर्गणीतून सिनेमा गावाला दाखवता येत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दोन्ही हवं. रात्री १० नंतर स्पीकर बंद.

मनआरोग्य
पडद्यापेक्षा मला त्या माईकची भीती वाटते. काय घडलं ते एकाच बैठकीत सगळ्यांसमोर सांगायला लावणं जागतिक आरोग्य संघटनेनं टाळायलाच सांगितलंय. बोलून हलकं वाटेल, हा समज इथं उलटतो. माणूस गर्दीत उघडा पडतो आणि रात्री एकटा राहतो.

माईक ठेवूच नका. आठ-दहा जणांचे गट करा, बायकांचा वेगळा, आणि तो बाईनंच चालवायचा. ‘तेव्हा काय झालं’ विचारायचं नाही. झोप लागते का, पोरं पावसाला घाबरतात का, यंदा पाणी आलं तर कुणाच्या माडीवर जायचं, एवढंच. उठून जाणाऱ्याला अडवायचं नाही, पण मागून कुणीतरी पाणी घेऊन जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

सीमावासी
कुठल्या भाषेत हो हे सगळं? पंचनाम्याचा कागद कन्नडमध्ये, घराच्या मदतीच्या हप्त्याची नोटीस कन्नडमध्ये. घर कुठल्या वर्गात टाकलं हे म्हातारीला वाचता येत नाही आणि ती अंगठा देऊन मोकळी होते. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचा, हा नियम कागदावरच राहिला. आधी तो पाळा, मग सिनेमे दाखवा.

घटप्रभा
प्रत्येक विषय तिथंच न्यायचा का? २०१९ ला गोकाकच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा त्यानं कुणाची भाषा विचारली नाही. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, दोन्ही भाषांची माणसं एकाच पंगतीला होती.

सीमावासी
पाण्यानं विचारली नाही, कारकुनानं विचारली. पंगतीचं मला सांगू नका. जेवण मिळालं म्हणून कागदाचा हक्क सुटत नाही.

घटप्रभा
हक्क सोडा असं कोण म्हणालं? तुमच्या या वादापायी कन्नड बोलणारा पूरग्रस्त त्या पटांगणात यायचाच नाही. गल्ली एक, नुकसान एक, आणि तुम्ही मध्ये दोरी बांधताय.

पडदेवाला
दोघंही जरा थांबा, भाषेचा प्रश्न पडद्यालाही आहेच. खालच्या ओळी वाचणारे कमी, आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना अक्षरं दिसतही नाहीत. त्यापेक्षा कमी संवादाचा, तासाभराच्या आतला सिनेमा निवडा. मध्ये दोनदा थांबवून मराठीत आणि कन्नडमध्ये चार-चार वाक्यं सांगा. पुराचा नको, पूर ओसरल्यानंतरचा. गाळ काढणं, भिंत उभी करणं, बियाणं मिळवणं. समाजमंदिरात घ्यायचं असेल तर पत्र्याखाली आवाज घुमतो, मागच्या भिंतीला घोंगडी टांगा.

सीमावासी
दोन्ही भाषांत सांगणार असाल तर माझी हरकत एवढी कमी. पण त्याच रात्री दाराशी टेबल पाहिजे. दोन्ही भाषा वाचणारा माणूस, सोबत अर्जाचे नमुने, आणि ज्याचा हप्ता अडकलाय त्याच्या कागदाचं वाचन. घराचा जागेच्या नोंदीसह काढलेला जीपीएस फोटो सरकारी नोंदीत चढला नाही म्हणून पैसे थांबतात, हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मनआरोग्य
टेबल असू द्या, पण गटांपासून लांब. कागदाची चिंता एकदा सुरू झाली की दुसरं काही बोललं जात नाही.

वेदगंगाकाठ
मला ते उलट वाटतं. टेबल आधी, संध्याकाळी ५ ला. कागद वाचून झाला, पुढं कुठं जायचं ते कळलं, की माणूस पडद्यासमोर बसेल. टेबल नंतर ठेवलंत तर माझा विरोध कायम. आधी ठेवलंत तर फेब्रुवारीत सतरंज्या आणि घोंगडी आमच्या गल्लीतून मिळतील. जनरेटर मात्र तुम्ही बघा.

पडदेवाला
२ केव्हीएचा पुरेल. पटांगणाच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे धूर लोकांवर येत नाही. टेबल ५ ला, पडदा सव्वासातला. गटांना तासभर तरी हवा, तेव्हा सिनेमा ४० मिनिटांवरचा नको.