साय-फाय मालिकेतला नैतिक पेच ओढूनताणून आणलेला का वाटतो?

अर्धवट_पटकथा:
स्पेसशिपवरची सिरीज लिहितोय. कॅप्टनला एका सेक्शनचा ऑक्सिजन बंद करावा लागतो, आत ४० माणसं, बाकी जहाजावर ६००. वाचायला दिलं तर सगळे म्हणे, बंद करणारच ना, त्यात काय एवढं. मग आत तिची बहीण टाकली तर नुसता मेलोड्रामा झाला. कुठे चुकतंय?

रात्रपाळी:
४० विरुद्ध ६०० म्हणजे गणित झालं रे, उत्तर आधीच ठरलेलं. २००४ च्या बॅटलस्टार गॅलेक्टिका या सिरीजचा '३३' एपिसोड बघ, माणसांचा शेवटचा जहाजांचा ताफा पळतोय. दर ३३ मिनिटांनी सायलॉन, म्हणजे शत्रू यंत्रमानव, येतात, पाच दिवस कोणी झोपलेलं नाही, आणि मागे राहिलेलं प्रवासी जहाज अचानक परत येतं, त्यात १,३४५ लोक असायला हवेत. "असायला हवेत" यातच सगळी गंमत आहे. संशय असा की सायलॉन त्याच्यामुळेच माग काढतायत. पायलट ली अगदी खिडक्यांजवळून जाऊन बघतो, कोणी दिसत नाही, पण खात्री कुणालाच नाही, तरी पाडतात. मग हल्ले थांबतात खरे, पण आत माणसं होती का हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. आणि शेवटी बाळ जन्मतं म्हणून राष्ट्राध्यक्ष रोझलिन फळ्यावरचा वाचलेल्या माणसांचा आकडा एकाने वाढवते, तिथे मला जास्त कसंतरी झालं.

जुनी_कॅसेट:
माहिती लपवणं हीपण एक युक्तीच की, प्रत्येक वेळी चालत नाही. मला स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाईन सिरीजचा १९९८ चा 'इन द पेल मूनलाइट' एपिसोड जास्त पटतो. कॅप्टन सिस्कोला तटस्थ रोम्युलन साम्राज्याला आपल्या बाजूने युद्धात ओढायचंय, म्हणून एक खोटं रेकॉर्डिंग, बस्स. मग ते बनवणारा माणूस सोडवून आणा, तो बारमालक क्वार्कला भोसकतो तर क्वार्कला लाच देऊन गप्प करा, असं करत करत शेवटी रोम्युलन सिनेटरचा खून. खून सिस्कोचा साथीदार, माजी हेर गराक करतो, सिस्को त्याला मारायलापण धावतो, पण फायदा घेतोच, आणि हे सगळं कबूल केलेला आपला लॉग (रोजनिशीचं रेकॉर्डिंग) पुसून टाकतो. एकदम मोठा निर्णय कुठेच नाही, बारीकसारीक सह्याच आहेत.

अर्धवट_पटकथा:
हां, माझी कॅप्टन थेट व्हॉल्व्हपाशीच येते, आधी काहीच केलेलं नाही तिने. बहीण बाहेर काढतो, ती इंजिनिअर. पहिल्या एपिसोडात ती म्हणते तो सील बदला, कॅप्टन म्हणते उशीर होईल, "तपासलं" लिहून टाक, आणि बहीण लिहिते.

रात्रपाळी:
आणि व्हॉल्व्ह बहिणीलाच बंद करायला लाव.

जुनी_कॅसेट:
ती नाही म्हणाली तर?

अर्धवट_पटकथा:
थांबा, हे लिहून बघतो.