गाणी स्वतःच्या फोनमध्ये भरणं हा रिकामटेकडा उद्योग नाही

गोदातीर
काल दुसऱ्या एका धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलं की संगणकावरून फोनमध्ये गाणी भरत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, गाण्यांच्या ॲपला महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भरा आणि ऐका. वाचून डोकं फिरलं. उत्तर तिथल्या खिडकीत मावेना, म्हणून वेगळा धागा.

माझ्याकडे जे आहे ते पैसे भरून कुठेही मिळत नाही. नाशिकला पंचवटीत आणि रविवार कारंजाजवळच्या वाड्यांत गाण्याच्या बैठका व्हायच्या, त्या वडिलांनी कॅसेटवर घेतल्या होत्या. गाणारे बहुतेक इथलेच, आयुष्यात एक रेकॉर्ड निघाली नाही त्यांची. त्या कॅसेट मी संगणकावर उतरवून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, ठेवल्यात. शिवाय विकत घेतलेल्या सीडी आहेत.

हे फोनमध्ये घ्यायला गेलं की काय होतं? केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो. वरची पट्टी ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं, तेही दर वेळी. मग संगणकावरची कॉपीची हिरवी रेघ अर्ध्यावर येऊन थांबते. काम चालू आहे की मेलं, कळायला मार्ग नाही. रद्द केलं तर अर्धवट फाइल मागे राहते आणि आलाप मध्येच तुटतो. सगळं नीट गेलं तरी प्लेअरमध्ये अर्धी गाणी दिसतच नाहीत. पूर्वी फोन पेनड्राइव्हसारखा उघडायचा, ते आमच्याकडून काढून का घेतलं?

सातपूर_एमआयडीसी
कारण होतं म्हणून काढलं. पेनड्राइव्हसारखा उघडायचा तेव्हा फोनची अख्खी मेमरी संगणकाच्या ताब्यात जायची. तेवढा वेळ फोनला ती दिसायचीच नाही, कार्डावरची ॲप बंद पडायची. मध्येच केबल उपटली की कार्ड खराब. शिवाय विंडोजला वाचता यावं म्हणून कार्ड फॅट३२ या जुन्या पद्धतीने मांडून ठेवावं लागायचं, म्हणजे ४ जीबीच्या वरची फाइल नाही. २०११ मध्ये अँड्रॉइड ३ आलं तेव्हापासून एमटीपी ही फाइल देण्याघेण्याची पद्धत आहे. संगणक फाइल मागतो, फोन काढून देतो, मेमरी फोनच्याच हातात राहते. किराणा दुकानात आपण गल्ल्याच्या आत जात नाही, तसंच.

गोदातीर
गिऱ्हाईक मी नाही, दुकान माझं आहे! एमटीपी मायक्रोसॉफ्टने एमपी३ प्लेअरसाठी बनवलं. एका वेळी एकच काम करतं. दोन फोल्डर एकदम टाकले की दुसरा ताटकळतो. मेमरी सांभाळायची तर सांभाळा, पण इतक्या वर्षांत ती हिरवी रेघ तरी खरं बोलायला शिकवायची होती.

देवळाली_कॅम्प
विंडोजवाल्यांनी फार रडू नये. मॅकला एमटीपी मुळातच येत नाही. त्यासाठी गूगलचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं, तेही २०२४ मध्ये काढून टाकलं. आणि आयफोन? त्याच्या म्युझिक ॲपला फ्लॅक चालत नाही, सगळं एएलएसीत, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या तसल्याच प्रकारात, बदला. एका वेळी एकाच संगणकाची लायब्ररी. घरचा सोडून ऑफिसच्या संगणकाला जोडला की आधीची गाणी पुसू का, विचारतो.

कॉलेजरोडची
काका, रागावू नका, पण तुमच्या बैठका हा अपवाद आहे. बाकी नव्वद टक्के लोक ‘गाणी भरायची’ म्हणतात तेव्हा ती कुठून तरी फुकट उतरवलेली असतात. एमजी रोडला पन्नास रुपयांत कार्ड भरून द्यायचे ते विसरलो नाही आपण. मी पैसे भरते, निदान थोडे तरी गाणाऱ्यापर्यंत पोचतात. मला नवीन लोक ऐकायला मिळतात. आणि केबल शोधत बसावं लागत नाही.

गोदातीर
ताई, नव्वद टक्के कुणी मोजले? मी सीडीची पावती दाखवू शकतो, आणि स्वतःच्या वापरासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तुम्ही ज्याचे पैसे भरता ते तुमचं कधीच नसतं. स्पॉटिफायवर उतरवून ठेवलेलं गाणंसुद्धा ३० दिवसांत एकदा नेटला जोडलं नाही तर वाजत नाही. गूगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस गुंडाळलंच ना? पंचवटी एक्सप्रेसने जाऊन बघा. इगतपुरी सोडली की कसाऱ्यापर्यंत रेंजचा पत्ता नसतो.

कॉलेजरोडची
घाटासाठी आधीच उतरवून ठेवते, अडत नाही. पण गाणाऱ्यांना पैसे मिळण्याच्या मुद्द्याला तुम्ही हातच लावला नाहीत.

पखवाज
गाणी जातात हो, नावं जात नाहीत. खरं दुखणं ते आहे. माझे सगळे अभंग देवनागरीत नाव घालून ठेवलेत. फोनमध्ये नीट दिसतात, गाडीच्या स्टिरिओत नुसते चौकोन. आणि सन २००० च्या आसपास ज्यांनी शिवाजी किंवा डीव्हीबी फॉण्टमध्ये टॅग, म्हणजे फाइलच्या आतली गाण्याची-गायकाची नावं, भरले, त्यांच्या नशिबी तर फोनवरही कचरा. त्या फॉण्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असायची, वरून मराठीचा मुखवटा. फॉण्ट गेला की मुखवटा गेला.

सिडको_बॉय
काय भो, रोमनमध्ये लिहा ना सरळ. सगळीकडे चालतं. मी तेच करतो, एक अडचण नाही.

पखवाज
चालतं? माझ्या फोनमध्ये एकाच गायकाची चार नावं आहेत, कारण कुणी दोन ‘ए’ लावले, कुणी एक, कुणी शेवटी ‘जी’ चिकटवलं. प्लेअर त्यांना चार माणसं समजतो. मराठी अभंगाला मराठी अक्षर नको, ही कसली सोय? यंत्राला जमत नाही म्हणून आपण आपलं नाव बदलायचं?

सिडको_बॉय
ऱ्हस्व-दीर्घ देवनागरीतही चुकतातच की. तिथेही चार नावं होतील. आणि गाडी चालवताना चौकोन बघून गाणं निवडायचं का? माझे बाबा ट्रकवर आहेत, मुंबई-आग्रा रोडला रात्री चालवतात. त्यांना ०१, ०२ आणि रोमनमधलं नाव लागतं, अस्मिता नाही.

पखवाज
अस्मिता मी काढली नाही, तुम्ही काढली. तुमच्या बाबांना स्टिरिओ बनवणाऱ्याने देवनागरी द्यायला हवी होती. इथे विकायचा तर इथली लिपी वाचता आली पाहिजे. तुम्ही ग्राहकालाच झापताय.

सातपूर_एमआयडीसी
दोघंही जरा थांबा. टॅग लिहायच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३० अक्षरं आणि फक्त युरोपीय लिपी. दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड आहे, म्हणजे देवनागरीही चालते. टॅग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ (युनिकोडचाच प्रकार) निवडा, फोन वाचेल. स्टिरिओत फॉण्टच नसेल तर टॅगला काही करता येत नाही, तिथे सिडकोवाल्याचं बरोबर आहे. आणि ०१, ०२ घालूनही भरवसा नाही, बरेच स्टिरिओ नावाने न लावता ज्या क्रमाने फाइल टाकल्या त्या क्रमाने वाजवतात.

पखवाज
गाडीपुरतं मान्य करतो. फोनमध्ये रोमन करणार नाही, म्हणजे नाही.

सिडको_बॉय
तुमच्या फोनमध्ये काहीही ठेवा. बाबांच्या पेनड्राइव्हला हात लावू नका.

नांदूर_मध्यमेश्वर
मूळ विषयावर कुणी उपाय सांगणार आहे का? मला आत्ता, आज रात्री गाणी टाकायचीत.

सातपूर_एमआयडीसी
शेकडो छोट्या फाइल एमटीपीवर रखडतात, कारण प्रत्येक फाइलसाठी वेगळी देवाणघेवाण होते. सगळ्याची एक झिप करून पाठवा आणि फोनवर उघडा. किंवा केबल फेका, फोन आणि संगणक एकाच वायफायवर असताना लोकलसेंड या ॲपने पाठवा. गाणी दिसत नसतील तर त्या फोल्डरमध्ये ‘नोमीडिया’ नावाची लपलेली फाइल आहे का बघा. ती असली की प्लेअर तो फोल्डर वगळतो. आणि केबल बदलून बघा, स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा डेटाच्या तारा नसतात, फक्त चार्जिंगच्या असतात.

कॉलेजरोडची
झिप करा, वायफाय जोडा, लपलेली फाइल शोधा, केबल तपासा. हे माझ्या आईला सांगून बघा. काकांचा राग खरा आहे, एवढं मानते. पैसे भरणारे मूर्ख आहेत, हे मानत नाही.

गोदातीर
मूर्ख मी कुणालाच म्हटलं नाही, रिकामटेकडा मला म्हटलं गेलं. गाणाऱ्यांच्या पैशांचा मुद्दा सोडून द्यायचा नाही, खरंय. पण ज्यांची रेकॉर्डच निघाली नाही त्यांना तुमचं ॲप एक रुपया देत नाही. लोकलसेंडने आत्ता एक अख्खी बैठक गेली, तुटली नाही. सातपूरकर, आभार. तरी फोन विकताना हे सांगायची जबाबदारी बनवणाऱ्याची होती, तुमची नव्हे. नांदूरवाले, तुमचं झालं का? नाही झालं तर फोनचं मॉडेल लिहा, बघू.