जुन्या व्हॅनला जुनंच हेड: मी घेणार आहे, पटत नसेल तर अडवा

पाचसिलिंडर
माझी व्हॅन फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी4, 1998 ची, 2.5 टीडीआय (टर्बो डिझेल), इंजिन कोड एसीव्ही. पाणी कमी व्हायला लागलं म्हणून हेड (सिलिंडरांवरचं इंजिनाचं झाकण) उतरवलं, तर चौथ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मध्ये भेग. याच कोडच्या, अपघातात मागून चेपून भंगारात गेलेल्या व्हॅनचं हेड मिळतंय. मेकॅनिक म्हणतो, बाजारातलं नवं घ्या, जुन्याच्या नादी लागू नका. मला उलट वाटतं. कंपनीने ओतलेलं, इतकी वर्षं तापून-निवून टिकलेलं हेड मला कुणी ओतलं हेच ठाऊक नसलेल्या नव्या हेडपेक्षा भरवशाचं वाटतं. आणि गाडी चेपली म्हणजे इंजिन गेलं असं नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगा.

हिशेबी
नाही पटत. जुनं हेड स्वस्त दिसतं, कारण मजुरी आपण वेगळी धरतो. तुमच्या इंजिनाला दोन बेल्ट आहेत. पुढचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि वॉटर पंप फिरवतो, मागचा डिझेल पंप. दोन्ही सुटणार, मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडण्या सुटणार, पुन्हा पंपाचं टायमिंग लावावं लागणार. महिन्याभरात त्या हेडने पाणी सोडलं तर हे सगळं परत करायचं, वर गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील) नवं आणि हेडबोल्टही नवे, कारण ते ताणून आवळायचे असतात आणि एकदाच वापरायचे. भंगारवाला फार तर हेड बदलून देईल. मजुरी कोण देणार? हा खर्च मी एकदा भोगलाय, म्हणून कळकळीने सांगतोय.

रानवाट
मी पाचसिलिंडर यांच्या बाजूने, उलट आणखी पुढे जाईन. एसीव्हीच कशाला हवं? 2.5 टीडीआय पाच सिलिंडर फोक्सवॅगनच्याच एलटी व्हॅनमध्ये होतं, व्होल्वो 850 मध्येही याच घराण्यातलं इंजिन होतं. शोध मोठा केला तर कमी चाललेलं हेड मिळेल.

दोनबेल्ट
रानवाट, घराणं एक म्हणून हेड एक होत नाही. एलटीमध्ये इंजिन उभं (गाडीच्या लांबीत) बसतं, टी4 मध्ये आडवं. पाण्याचं तोंड, इंजेक्टर, कॅम, कुठे काय बदललंय ते कॅटलॉगमधल्या पार्ट नंबरवरूनच कळतं. हेडवर जो उठावाचा नंबर दिसतो तो ओतकामाचा असतो. त्याच ओतकामावर पुढे वेगवेगळं मशीनिंग होतं. नुसता तो नंबर जुळला म्हणून हेड घेऊन आलेले लोक मी पाहिलेत. शिवाय इतक्या जुन्या गाडीत इंजिन आधीच बदललेलं असू शकतं. सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवर जाऊ नका, ब्लॉकवर ठोकलेला कोड वाचा.

लेथवरचा
माझं रोजचं काम हेडांचंच. नवं की जुनं, या वादाच्या आधी मला एक विचारायचंय: पाचसिलिंडर, तुमचं स्वतःचं हेड प्रेशर टेस्ट केलं का? दोन सीटांच्या मधल्या बारीक भेगेला, 0.5 मिमीपर्यंत, फोक्सवॅगनच्या मॅन्युअलमध्येच चालवून घेतलंय. डिझेल हेडवर ती सर्रास दिसते आणि बरेचदा पाण्यापर्यंत पोचलेली नसते. पाणी जळक्या गॅस्केटमधून जात असतं आणि बदनाम होतं हेड.

टेस्ट म्हणजे पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. गरमच हवं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, थंडपणी मिटलेली भेग तापल्यावर तोंड उघडते.

जुनं हेड घ्यायचं असेल तर तीन गोष्टी. पहिलं, स्ट्रेटएज (सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) वाक बघा, 0.1 मिमीच्या वर गेला की ते हेड सोडा. लेथवर फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट) करून घेऊ म्हणाल तर फोक्सवॅगनने डिझेल हेडला त्याची मनाई केली आहे. या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या वर जवळपास 1 मिमी डोकं काढतो. ती जागा गॅस्केटच्या जाडीने सांभाळली जाते, म्हणून तर गॅस्केटवर एक, दोन, तीन भोकांची खूण असते. तुमचे पिस्टन तेच राहणार, तेव्हा जुन्या गॅस्केटवर जितकी भोकं तितकीच नव्या गॅस्केटवर.

दुसरं, कॅमच्या बेअरिंग कॅप्स (कॅमला वरून धरून ठेवणारे तुकडे). त्या हेडवर बसवूनच बोअर केलेल्या असतात. एका हेडच्या कॅप्स दुसऱ्याला चालत नाहीत, नव्या वेगळ्या मिळत नाहीत. तिसरं, फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण मशीनशॉपमध्ये कठीणपणा मोजता येतो.

हिशेबी
लेथवरचा, हे सगळं मान्य. पण इतकं तपासायचं तर नवंच का नको?

लेथवरचा
नवंही मी टेस्ट केल्याशिवाय बसवत नाही. सीटजवळ ओतकामात भोक राहिलेली नवी हेडं माझ्या टेबलावर आली आहेत. तपासणी दोघांनाही लागते, मग जुन्यावरच राग का?

पाचसिलिंडर
लेथवरचा, तुमचं ऐकून माझं हेड टेस्टला दिलं. सीटांमधल्या भेगेतून बुडबुडा नाही, तुमचा अंदाज तिथे खरा ठरला. पण पाचव्या सिलिंडरच्या पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत), जिथे मी पाहिलंही नव्हतं, तिथून सलग बुडबुडे. म्हणजे हेड गेलंच.

मग भंगारातलं पाहायला गेलो. हेड सरळ होतं, 0.05 ची पट्टीसुद्धा कुठे शिरली नाही. पण कॅम काढलेला आणि कॅप्स चार-पाच हेडांच्या एकाच डब्यात. कुठली कुणाची, त्यालाही सांगता येईना. हात लावला नाही. त्याच्याकडे दुसरी एसीव्ही आहे, इंजिन अजून जोडलेलं. ते हेड माझ्यासमोर उतरवायला आणि टेस्टचा निकाल येईपर्यंत थांबायला तो तयार झालाय.

दोनबेल्ट
उतरवताना रेडिएटरची नळी सोडाल तेव्हा आतलं पाणी बघा. गंजाचा चिखल असेल तर टेस्टची वाटही पाहू नका. आणि हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले, तेल भरलेले ठोकळे) नवे टाकलेत तर बसवल्यावर अर्धा तास इंजिन फिरवू नका, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील.

हिशेबी
मी अजून नव्याच्याच बाजूने आहे. पण तुमचं पहिलं हेड कशाने तापलं ते कुणी शोधलंच नाही. वॉटर पंप, रेडिएटर, फॅन, तिघांपैकी एकजण दोषी आहे. तो तसाच ठेवून कुठलंही हेड बसवू नका.

पाचसिलिंडर
पंप काढून पाहिला. इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) शाफ्टवर मोकळा फिरतोय.