शब्दचर्चा : ‘वाचाघात’ म्हणजे नेमकं काय गेलं?

पागोळी

मी स्पीच थेरपिस्ट आहे, कोल्हापूरकडची. पेशंटच्या भाषेत ‘स्पीचवाल्या मॅडम’. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. त्यात थेरपिस्ट आहेत, दोन न्यूरोलॉजिस्ट आहेत आणि भाषाविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आहेत. महिन्यातून एकदा बसतो, अवघड केसेसवर बोलतो, कोणी नवीन काही वाचलं असेल तर सांगतो. यंदा अफेझियाच्या (स्ट्रोक वगैरेने मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते, त्या आजाराच्या) रुग्णांच्या घरच्यांसाठी एक पानी पत्रक काढायचं ठरलं आणि गाडी शीर्षकावरच अडली.

अफेझियाला मराठीत ‘वाचाघात’ म्हणतात, हिंदीतही तोच शब्द आहे. अहवालात मीही तोच लिहिते. पण वॉर्डात उच्चारला की घरचे माझ्याकडे न बघता पेशंटच्या तोंडाकडे बघतात. वाचा म्हणजे बोलणं, म्हणजे जीभ, म्हणजे जिभेला काहीतरी लावू या. मागच्याच महिन्यात एका आजींच्या जिभेला वेखंड आणि मध चोळून झालं होतं. त्यांना गिळायलाही त्रास होता, ठसका लागून भलतंच व्हायचं.

बिघाड जिभेत नसतो. मेंदूतलं भाषेचं काम बिघडतं, बहुतेकांच्या डाव्या अर्ध्या भागात. म्हणून बोलण्याबरोबर ऐकून समजणं, वाचणं, लिहिणंही कमीजास्त जातं. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसाला डाव्या मेंदूत स्ट्रोक आला तर त्याच्या खुणा बिघडतात. तिथे ‘वाचा’ नव्हतीच, मग घात कशाचा झाला?

दुसरा शब्द सुचवा. किंवा हाच का ठेवावा ते सांगा.

खलबत्ता

आमच्या सोलापूरकडे कोणी ‘स्ट्रोक’ म्हणत नाही आणि ‘पक्षाघात’ही म्हणत नाही. ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. आणि बोलणं गेलं तर ‘वाचा बसली’. मला हा शब्दप्रयोग आवडतो, कारण घसा बसतो तसा तो परत सुटतोही. ‘गेली’ म्हटलं की गेलीच.

उलट ‘वाचा बंद झाली’ हे गावात कोणाबद्दल म्हणतात ते आठवा. शेवटच्या घटका मोजणाऱ्याबद्दल. मुलांना बोलावून घ्या, तोंडात पाणी घाला, या यादीतलं ते वाक्य आहे. तुम्ही ‘वाचाघात झालाय’ म्हणालात की म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर का लावतात, त्याचं कारण हेही असेल.

जुनी वही

संस्कृतचा निवृत्त शिक्षक. थोडी भर घालतो.

‘घात’ला घाबरू नये. पक्षाघातातला घात तोच, म्हणजे आघात, प्रहार. मराठीत मात्र विश्वासघाताशेजारी बसून बसून त्याला दगाबाजीचा वास लागला, हे खरं.

चरकसंहितेत वातरोगांच्या चिकित्सेत पक्षवधाचं वर्णन आहे. वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू मारतो, हालचाल थांबते, वेदना होतात, ‘वाक्स्तम्भमेव च’. वाक्स्तंभ म्हणजे वाणी खिळणे. अर्धं अंग जाणं आणि बोलणं जाणं ही जोडी तेव्हाही वैद्यांच्या नजरेत होती, फक्त उजव्या-डाव्याचा फरक त्या श्लोकात नाही. सुश्रुतात शब्दवाहिनी धमन्या कफयुक्त वायूने अडल्या की माणूस मूक, मिन्मिन किंवा गद्गद होतो असं आहे. मिन्मिन म्हणजे नाकात बोलणारा, गद्गद म्हणजे अस्पष्ट, तुटक बोलणारा. आज आपण भावनेनेच काय ते गद्गद होतो.

माझी सूचना मात्र तिसरीकडून आहे. आपल्याकडे चार वाणी सांगतात : परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. (व्याकरणकार भर्तृहरी तीनच सांगतो, परा नंतरची.) वैखरी ही कानाला ऐकू येणारी. मध्यमा म्हणजे मनात शब्दांची जुळणी झालेली, पण ओठांपर्यंत न आलेली. तुमच्या रुग्णाची वैखरी धड असते आणि मध्यमा मोडलेली असते, असंच ना? मग ‘मध्यमाघात’ का नाही?

बिनसाखर

मध्यमाघात!! सर, मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे. हा शब्द केसपेपरवर लिहिला तर ऑर्थोवाले मधलं बोट बघायला येतील.

पण फरक तुम्ही अचूक पकडलात. ओठ-जीभ-घशाचे स्नायू ढिले पडून उच्चार बोबडे होतात त्याला आम्ही डिसार्थ्रिया म्हणतो. तिथे शब्द बरोबर असतो, वाक्यही बरोबर असतं, कागद-पेन दिलं तर माणूस लिहून सांगतो. तो वैखरीचा बिघाड. अफेझियावाल्याला कागद दिला तरी बहुधा तिथेही अडतं. पागोळीताई, पत्रकात ही कागद-पेनची खूण टाका, घरच्यांना लगेच कळते.

आता एक तक्रार, शब्दाचीच. सौम्य अफेझियाला काही जण ‘डिसफेझिया’ म्हणतात. गिळण्याच्या त्रासाला ‘डिसफेजिया’. इंग्रजीत निदान स्पेलिंग तरी वेगळं दिसतं. देवनागरीत ‘झ’ आणि ‘ज’ एवढाच फरक, आणि फोनवर तोही नाही. एका वॉर्डात (कुठला ते सोडा) फोनवर निरोप गेला आणि उत्तम गिळणाऱ्या आजोबांना संध्याकाळपर्यंत तोंडाने काही दिलं नाही. आजोबांना ‘भूक लागली’ म्हणता येत नव्हतं, तोच तर आजार होता. तेव्हापासून मी फक्त ‘अफेझिया’ म्हणतो. मराठी शब्द करा, पण ‘डिस’चं मराठी करू नका.

टाकसाळ

‘भाषाघात’ सुचवणार होतो. मग वाटलं, तो आजार वृत्तवाहिन्यांच्या खालच्या पट्टीत रोजच दिसतो.

आडवाट

वडिलांना चार वर्षांपूर्वी झालं. ते पतपेढीत हिशेब बघायचे. मी तज्ज्ञ नाही, पण एक सांगते.

पहिल्या महिन्यात त्यांना ‘पाणी’ म्हणता यायचं नाही. तांब्याकडे बोट दाखवून ‘ते... ते... हे’. आणि त्याच तोंडाने गणपतीची आरती शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. आम्हाला वाटलं नाटक करतायत. काकू तर म्हणालीच, ‘सोयीचं बरं बोलता येतं!’ बेचा पाढाही खणखणीत. किती पोळ्या वाढू विचारलं तर ‘तीन’ यायचं नाही, पण बोटं मोडत ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिथे थांबायचे. आम्हाला ही युक्ती कळायला दोन महिने लागले. तोवर आई अंदाजाने वाढत होती आणि ते चिडत होते. शिव्या मात्र पहिल्या दिवसापासून शाबूत. आयुष्यात कधी न दिलेल्यासुद्धा.

मग बँकेत गेलो. उजवा हात गेलेला, सही जमेना, बोलता येईना. काउंटरवरच्याने त्यांच्यासमोरच मला विचारलं, ‘यांना कळतं का काही?’ मी ‘वाचाघात’ म्हटलं. तो म्हणाला, ‘म्हणजे डोक्यावर परिणाम?’ वडील ऐकत होते. दुसऱ्यांदा बँकेत आले नाहीत.

म्हणून माझ्यासाठी शब्द कोणताही चालेल, त्यात ‘हे वेडे नाहीत’ एवढं यावं.

पागोळी

आडवाट, ही आरतीची गोष्ट मी पत्रकात घेतेय, नाव न घालता. चालेल ना? पाठ झालेलं, लयीत बसलेलं बोलणं आणि दर वेळी नव्याने जुळवायचं बोलणं यांचे मेंदूतले रस्ते पुष्कळसे वेगळे आहेत. शिव्याही पहिल्या रस्त्याने येतात. म्हणून गुणगुणत, ठेक्यावर शब्द काढून घेण्याची एक उपचारपद्धती १९७३ पासून वापरात आहे. काकूंना सांगा, नाटक नव्हतं.

वहीसर, मध्यमा-वैखरी मी विद्यार्थ्यांना शिकवताना नक्की चोरणार. पण सगळे रुग्ण ‘शब्द सापडत नाही’ याच प्रकारचे नसतात. काही जण घडाघडा बोलतात, चाल अगदी बोलण्याची, आणि अर्थ निसटलेला. वाटीला चमचा म्हणतात, मधूनच कोशात नसलेला शब्द टाकतात, आणि आपण काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये वर्णन केलेला प्रकार. हात-पाय बहुधा धड असल्यामुळे घरच्यांना हा स्ट्रोक वाटतच नाही, ‘भ्रमिष्ट झाले’ म्हणून आधी मानसोपचाराकडे नेतात. त्यांना ‘वाचाघात’ सांगायचं कसं? वाचा तर धबधब्यासारखी चालू आहे!

तपासणीची साधनंही बाहेरून आलेली. बोस्टन नेमिंग टेस्ट ही चित्रं ओळखण्याची प्रसिद्ध चाचणी, ६० चित्रांची. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, प्रेट्झेल (पीळ घातलेला खारा पाव) आहे. हुपरीच्या चांदी कारागिराने प्रेट्झेलला ‘कडं’ म्हटलं तर त्याचे गुण कापू की वाढवू? आमच्या गटाने सूप, पाटा-वरवंटा, खुरपं, इस्त्री अशी आपली चित्रं काढून घेतलीयत. विशीतल्या मुलांना पाटा-वरवंटा ओळखता येत नाही, तो प्रश्न वेगळा.

बिनसाखर

शब्दावरून भांडणारे आपणच पहिले नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला एक रुग्ण मांडला. एकवीस वर्षं तो ‘टॅं, टॅं’ एवढंच म्हणायचा, म्हणून नावच ‘टॅं’ पडलेलं. फार चिडला तर एक अख्खी शिवी हासडायचा. (आडवाट, तुमच्या वडिलांचं घराणं जुनं आहे.) ब्रोकाने या अवस्थेला ‘अफेमी’ नाव दिलं. १८६४ मध्ये त्रूसो हा दुसरा फ्रेंच डॉक्टर म्हणाला की ग्रीकमध्ये याचा अर्थ बदनामी होतो, ‘अफेझी’ म्हणा. ब्रोकाने आपल्या शब्दाच्या बाजूने त्याला जाहीर पत्र लिहिलं. टिकला त्रूसोचा शब्द.

गंमत म्हणजे जुन्या ग्रीक संशयवाद्यांकडे ‘अफासिया’ हा आजारच नव्हता. कशाबद्दलही ठाम विधान न करण्याची ती वृत्ती होती. म्हणजे निवडलेला शब्दही काही नेमका नव्हता, वापरून वापरून नेमका झाला. माझं मत : ‘वाचाघात’ राहू द्या. २०२२ मध्ये हॉलिवूडचा नट ब्रूस विलिस याच्या कुटुंबाने त्याला अफेझिया असल्याचं जाहीर केलं तेव्हा लोक शोधायला लागले. शोधणाऱ्याला एकच शब्द सगळीकडे सापडला पाहिजे.

आणि कागदपत्रांचाही विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा यांचं अपंगत्व धरलंय आणि उदाहरणं दोन दिलीत : स्वरयंत्र काढून टाकणं आणि अफेझिया. एकाचा आवाज गेला, भाषा पूर्ण शाबूत. दुसऱ्याचा आवाज आहे, भाषा गेली. कायद्याने दोघांना एका ओळीत बसवलं, पण निदान ‘भाषा’ हा शब्द तरी घातला.

पोफळी

टोरांटोहून. इथे ऑरा केगन या स्पीच थेरपिस्टनी अफेझिया असलेल्यांशी संवाद कसा साधायचा याचं प्रशिक्षण उभं केलं. घरचे, नर्स, स्वयंसेवक सगळ्यांना ते देतात. त्यातलं पहिलं काम म्हणजे समोरच्याला सांगणं : तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे. मग कागदावर ठळक मुख्य शब्द लिहायचे, हो-नाही दाखवायला द्यायचं, थांबायचं. सासऱ्यांशी आम्ही असंच बोलतो. बरेच जण खिशात एक कार्डही ठेवतात, मला स्ट्रोक झालाय, बोलायला वेळ लागतो, अशा अर्थाचं. बँकेत तेच पुढे करायचं.

म्हणजे नामाऐवजी वाक्य द्या. नाम डॉक्टरांना लागतं.

खलबत्ता

पोफळीताईंना दुजोरा. ‘वारं गेलं’ हेसुद्धा वाक्यच आहे की!

पागोळी

मग वरती मोठ्या अक्षरात : ‘यांना सगळं कळतं. शब्द सापडत नाहीत.’ खाली बारीक : आजाराचं नाव अफेझिया, मराठीत वाचाघात.

बिनसाखर

‘सगळं कळतं’ खोटं आहे. तुमचा तो धबधबा? बहुतेकांना लांबलचक वाक्य समजायला त्रास होतोच. घरचे भराभरा बोलतील आणि म्हणतील, पत्रकात तर लिहिलंय की कळतं.

जुनी वही

इथे मराठी उपयोगी पडावी. समजणं वेगळं, उमजणं वेगळं. आपण बोललेलं त्यांना समजेलच असं नाही. पण काय चाललंय, कोण आपलं, कोण टाळतंय, हे उमजतं.

टाकसाळ

‘शब्द हरवले, शहाणपण नाही.’

पागोळी

टाकसाळ, हे ट्रकच्या मागे शोभेल. सर, उमजणं सुंदर आहे, पण आमच्याकडचे लोक ‘उमजलं’ रोजच्या बोलण्यात कितीसं वापरतात? मी आता असं केलंय :

‘यांची अक्कल शाबूत आहे. शब्द सापडायला आणि समजायला वेळ लागतो. एका वेळी एकच गोष्ट बोला, आणि थांबा.’

आडवाट

आत्ता आईला वाचून दाखवलं. ती म्हणते बाकी ठीक, पण ‘अक्कल’ काढा. आमच्यात कोणाची अक्कल काढणं म्हणजे भांडण. ‘डोकं शाबूत आहे’ म्हणा, बँकवाल्यालाही परस्पर उत्तर मिळेल.

वडिलांनाही दाखवलं. त्यांनी ‘थांबा’वर बोट ठेवलं, दोनदा.

पागोळी

अक्कल काढली, डोकं घातलं. ‘थांबा’ वेगळ्या ओळीत घेते, सर्वांत मोठ्या टाइपात. मंगळवारी गटापुढे ठेवते आणि काय ठरलं ते इथे सांगते. तोवर मालवणी किंवा कोकणी बोलणारं कोणी असेल तर तुमच्याकडे याला काय म्हणतात ते लिहा, सावंतवाडीच्या सहकाऱ्यांना त्यांचं वेगळं पत्रक हवंय.